कंपनी बंद पडली, कार्डवाले माझ्या मागे: 90 हजार भरून मोकळं व्हावं का?

नमस्कार मालक. म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कंपनीत तुम्ही मार्केटिंग बघत होता, प्रदर्शनं, हॉटेल, तिकिटं यासाठी कंपनीनं तुमच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढून दिलं, ऑगस्ट 2018 नंतर बिल भरलंच नाही, पुढच्या वर्षी शटर पडलं, आणि आता वसुलीवाले म्हणतायत की 1 लाख 84 हजाराचे 6 लाख 40 हजार झालेत पण आज संध्याकाळपर्यंत 90 हजार टाका, फाईल क्लोज. आणि तुम्ही लेकीच्या फीची एफडी मोडायला निघालाय.

आत्ता मोडू नका. कधीच देऊ नका असं म्हणत नाहीये, पण फोनवरच्या माणसाच्या घाईवर तर अजिबात नको.

मुळात हे कर्ज तुमचं आहे का तेच अजून ठरलेलं नाही. कंपनी कार्डात कधी एकटी कंपनी जबाबदार असते, कधी कंपनी आणि कर्मचारी दोघंही, आणि ते ठरतं तुम्ही सही केलेल्या अर्जावरून. तो तुमच्याकडे नाही म्हणता, मग बँकेला मेल करून मागा: अर्जाची प्रत, सगळी स्टेटमेंट्स, या एजन्सीला वसुलीचं काम दिल्याचं पत्र, आणि कर्ज दुसऱ्या कुणाला विकलं असेल तर त्याचा कागद. मेलमध्ये "माझी थकबाकी" लिहू नका, "तुम्ही सांगताय ती थकबाकी" असं लिहा. का ते सांगतो.

असल्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षांची. कोविडमुळे सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मोजणीतून वगळला, म्हणून तुमच्या तारखांवरून ती 2021 ऐवजी 2023 च्या ऑगस्टच्या आसपास संपलेली दिसते. मधे तुम्ही काही भरलं नसेल, लिहून दिलं नसेल तर. मुदत गेली म्हणून कर्ज पुसलं जात नाही, बँक मागू शकते, पण नव्यानं दावा लावून वसूल करणं तिला अवघड. आणि म्हणूनच ते "सेटलमेंट फॉर्म" सही करून पाठवा म्हणत असतील! करार कायद्याच्या कलम 25(3) प्रमाणे मुदत गेलेलं कर्ज फेडतो असं सहीनिशी लिहून दिलं की तो नवा करार होतो, म्हणजे मेलेलं प्रकरण तुम्हीच जिवंत केलं.

एक धोका मात्र आहे. तुम्ही साखर पेठेतून जुळे सोलापूरला राहायला गेलात, जुन्या पत्त्यावर नोटीस येऊन मुदतीतच दावा किंवा लवादाचा निकाल तुमच्या गैरहजेरीत झाला असेल तर वरचं सगळं गणित बदलतं, कारण कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी 12 वर्षं मागता येते. कोर्टातल्या केसेस दाखवणाऱ्या ई-कोर्ट्सच्या साईटवर नाव टाकून बघा, लवादाचं तिथे दिसेलच असं नाही, ते बँकेलाच विचारा आणि कागद एखाद्या वकिलाला दाखवा, त्याची फी 90 हजारापेक्षा नक्की कमी.

आता देण्याचा विचार कधी करायचा? वर्षभरात होम लोन घ्यायचंय म्हणालात ना, तर सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. हे खातं तुमच्या वैयक्तिक रिपोर्टात नसेल तर 90 हजार देऊन तुम्ही फक्त फोन बंद करणं विकत घेताय, महाग सौदा. "रिटन ऑफ" म्हणजे बँकेनं बुडीत धरलेलं म्हणून दिसत असेल तर मात्र लोन अडू शकतं, मग वकिलाला विचारून घासाघीस करावी. पण कमी पैशात मिटवलं की रिपोर्टात बहुतेक वेळा "सेटल्ड" लागतं, "क्लोज्ड" नाही, आणि होम लोनवाले ते बघून नाक मुरडतात. त्यामुळे खातं कसं दाखवणार ते बँकेच्या लेटरहेडवर आधी घ्या, पैसे थेट बँकेच्या खात्यात टाका, एजंटच्या क्यूआरवर एक रुपयासुद्धा नाही.

पोलीस येतील, वॉरंट निघेल वगैरे धमक्यांचं म्हणाल तर नुसतं कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला, त्यासाठी कुणी उचलून नेत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आरबीआयनं स्पष्ट सांगितलंय की वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. तुमच्या मेव्हण्याच्या नवी पेठेतल्या दुकानात फोन केला तो सरळसरळ याच्या विरुद्ध. नंबर, तारीख, रेकॉर्डिंग जपून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाईन जा, पैसे लागत नाहीत.

फोन आला की एवढंच म्हणा, "जे काय आहे ते मेलवर पाठवा," आणि ठेवून द्या. सिबिल रिपोर्ट आणि बँकेचं उत्तर हातात आलं की मला कळवा, मग आकड्याचं बोलू.