मानेवाड्याहून विद्यापीठाच्या कॅम्पसला रोज जायचं तर गाडी घ्यावी की मेट्रो-बस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर मानेवाड्याला, यंदा नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या कॅम्पसमध्ये एम.एससी.ला प्रवेश, धाकटा भाऊ १७ वर्षांचा आणि त्याला वानाडोंगरीकडचं इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं आहे. दोघांसाठी एक दुचाकी गाडी घ्यावी, की मेट्रो-बसवर निभेल? आणि तिथला स्टाफ कसा येतो?

गाडीचं नंतर बघू. आधी पत्ता पक्का करा. विद्यापीठाची कामं दोन ठिकाणी विखुरलेली असतात, आणि नवीन विद्यार्थ्यांचा पहिला दिवस हमखास त्यातच जातो. शैक्षणिक विभाग महात्मा जोतिबा फुले परिसरात आहेत, म्हणजे अमरावती रोडला भरत नगरच्या पुढे. जुनी प्रशासकीय इमारत महाराजबागेजवळ, रवींद्रनाथ टागोर मार्गावर. नवीन जमनालाल बजाज प्रशासकीय भवन मात्र कॅम्पस चौक ते अंबाझरी टी-पॉइंट रस्त्यावर आहे. पत्रावर ‘विद्यापीठ’ एवढंच न वाचता खालचा मार्ग वाचा. ऑटोवाल्याला नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ सांगितलं तर तो तुम्हाला महाराजबागेला सोडेल आणि तिथून कॅम्पसपर्यंत परत भाडं लागेल. ‘अमरावती रोड, कॅम्पस’ असंच सांगायचं.

आता खरी अडचण. आपल्या मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातल्या दोन्ही मार्गिका डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण सुरू झाल्या: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा. दोन्ही बर्डीला (सीताबर्डी), मुंजे चौकात भेटतात. यातली एकही अमरावती रोडवरून जात नाही. ॲक्वा लाइन झाशी राणी चौक, शंकर नगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज अशी अमरावती रोडच्या दक्षिणेकडून निघून जाते. मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही कन्हान, बुटीबोरी, ट्रान्सपोर्ट नगर आणि हिंगणा या चारच दिशा आहेत. म्हणून कॅम्पसला येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न शेवटच्या तीन-चार किलोमीटरचा असतो. तो आधी सोडवा, मग मागचा प्रवास ठरवा. लोक उलट करतात, घराजवळचं मेट्रो स्टेशन पाहून खूश होतात आणि शंकर नगरला उतरून उन्हात ऑटो शोधत बसतात.

तुमच्यासाठी मेट्रो-बसचा रस्ता असा. मानेवाडा चौकातून रिंग रोडने छत्रपती चौक, बसने किंवा शेअर ऑटोने. तिथून ऑरेंज लाइनने बर्डी: अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर आणि मग बर्डी, चौथं स्टेशन. बर्डीला दोन पर्याय आहेत. पहिला, बाहेर पडून व्हेरायटी चौक किंवा मोरभवन बसस्थानकाच्या बाजूला चालत या आणि अमरावती रोडने वाडीकडे जाणारी ‘आपली बस’ (महापालिकेची शहर बस) धरा. चालायचं नसेल तर ॲक्वा लाइनने एकच स्टेशन, झाशी राणी चौक. मोरभवन तिथून जवळ पडतं. दुसरा पर्याय, ॲक्वा लाइनवरच राहून एलएडी चौक किंवा धरमपेठ कॉलेजला उतरा आणि पुढे ऑटो करा. रोजच्यासाठी मी पहिलाच सांगेन. अमरावती रोडला सरळ बस असते. दुसऱ्या पर्यायात शेवटचा तुकडा आडवा आहे, त्या बाजूने शेअर ऑटोचा भरवसा नाही आणि एकट्याने ऑटो करणं महिनाभर परवडत नाही. चार मैत्रिणी मिळून ऑटो करणार असाल तर मात्र दुसरा पर्याय लवकर पोचवतो. भाडं बसण्याआधी ठरवा.

बसमध्ये चढताना एक विचारून घ्या: ‘कॅम्पसला खालून जाते ना?’ अमरावती रोडवर उड्डाणपुलाचा भाग आहे. जी बस वरून निघते ती खालच्या थांब्यावर उभी राहत नाही, आणि मग पुलापलीकडे उतरून उलटं चालावं लागतं. हे एसटीलाही लागू आहे.

मानेवाड्याहून मेडिकल चौकामार्गे बर्डीला सरळ बस मिळत असेल तर छत्रपती चौकाचा वळसा सोडा. एक बदल कमी होतो. प्रत्येक बदल म्हणजे सरासरी दहा मिनिटं धरावी. वेळ प्रवासापेक्षा थांबण्यातच जास्त जातो. तीन वाहनांचा एकूण हिशेब सव्वा तासाचा ठेवा, नशीब चांगलं असलं तर तासाभरात पोचाल. गाडीने हेच अंतर पस्तीस-चाळीस मिनिटांचं आहे, कारण गाडी बर्डीला जातच नाही. रिंग रोडने छत्रपती चौक, प्रताप नगर, तिथून अंबाझरीच्या बाजूने टी-पॉइंट आणि मागच्या रस्त्याने थेट कॅम्पस. सार्वजनिक वाहन शहराच्या मध्यात जाऊन परत बाहेर येतं, गाडी कडेकडेने निघते. फरक वेगाचा नाही, रस्त्याचा आहे.

पैशाचा हिशेब. एका बाजूचे १२ किलोमीटर धरा, दिवसाचे २४, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ५२८ किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर पावणेबारा लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर साधारण १,२३० रुपये. त्यात सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, विमा मिळून महिन्याला आणखी पाचशे तरी बाजूला काढा. हा आकडा घरात कोणी धरत नाही आणि सहा महिन्यांनी एकदम अंगावर येतो. गाडीचा हप्ता वेगळाच. दुसऱ्या पारड्यात बसचा विद्यार्थी पास आणि मेट्रोचं महाकार्ड. कार्डावर विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे. रोज काउंटरवर सुटं तिकीट काढणारा विद्यार्थी पैसे आणि वेळ दोन्ही घालवतो.

पासच्या बाबतीत चुका ठरलेल्या आहेत. फी भरली की त्याच दिवशी बोनाफाईड मागा, ओळखपत्राची वाट पाहू नका. ओळखपत्रं छापून यायला वेळ लागतो आणि तोवर मुलं पूर्ण तिकीट काढत राहतात. आधारवरचं आणि बोनाफाईडवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे आणि आडनाव आधी दुसरीकडे, एवढ्यावरून अर्ज परत येतो. दोन फोटो सोबत ठेवा. पास ‘कुठून कुठे’ काढायचा हे नीट ठरवा: मानेवाडा ते बर्डी लिहिलं तर पुढच्या अमरावती रोडच्या बसला तो चालणार नाही.

बाहेरगावाहून अपडाऊन करणाऱ्या तुमच्या वर्गमित्रांनाही हे उपयोगी पडेल. विद्यापीठाचं क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असं चार जिल्ह्यांचं आहे, त्यामुळे अपडाऊनवाले वर्गात असतातच. त्यांच्यासाठी एकच नियम: गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत जायचं नाही, शहराच्या तोंडाशीच एसटी सोडायची. भंडाऱ्याकडून येणाऱ्याने पारडीजवळ उतरून प्रजापती नगरहून ॲक्वा लाइन धरावी. कामठीकडच्याने ऑटोमोटिव्ह चौक, बुटीबोरीकडच्याने खापरी. कोंढाळीचा मुलगा सर्वांत सुखी, त्याची एसटी कॅम्पससमोरूनच जाते. त्याने पासवर शेवटचा थांबा गणेशपेठ न लिहिता कॅम्पसच्या बाजूचा लिहून घ्यावा, नाहीतर न केलेल्या प्रवासाचे पैसे भरावे लागतात. भंडाऱ्याच्या मुलांनी रेल्वेचा विचार जपून करावा: भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, गावापासून दहा-बारा किलोमीटर दूर. वर्ध्याच्या मुलांना मात्र रेल्वेच बरी.

एसटीत विद्यार्थी मासिक पासवर ६६.६७ टक्के सूट आहे, म्हणजे एक तृतीयांश भाडं. मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धं तिकीट आहे, म्हणून बऱ्याच मुली पास काढतच नाहीत. रोज येणार असाल तर पासच स्वस्त पडतो. आठवड्यातून दोनदाच येणार असाल तर अर्ध्या तिकिटाने या. रेल्वेत मासिक सीझन पासला विद्यार्थी सवलत आहे. पदवीपर्यंतच्या मुलींना आणि बारावीपर्यंतच्या मुलांना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा पास मोफत मिळतो. एम.एससी.ला तो मोफत नियम लागत नाही, पण सवलत लागते. हा पास घेऊन आरक्षित डब्यात चढू नका, आणि सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार भरल्याशिवाय तो चालत नाही. वर्ध्याची मुलं नेमकी याच दोन गोष्टींत दंड भरतात. अजनीला उतरलात तर काँग्रेस नगर मेट्रो जवळ. मुख्य स्टेशनला उतरलात तर संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडा, मेट्रो स्टेशन तिकडे आहे.

स्टाफचं विचारलंत. शहरातले बहुतेक कर्मचारी दुचाकीने येतात, प्राध्यापक दुचाकी किंवा कारने. त्यांची वेळ ठरलेली असते, म्हणून त्यांना जे जमतं ते विद्यार्थ्याला जमेलच असं नाही. कार वाटून घेणाऱ्यांकडून शिकण्यासारखं एकच: ते कोणाच्या दारात जात नाहीत. सगळे रस्त्यावरच्या एका ठरलेल्या चौकात येतात, पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही हे आधी बोललेलं असतं, आणि पेट्रोलचे पैसे महिन्याच्या शेवटी न देता आठवड्याला देतात. दारात न्यायला जाणारी वाटणी दोन महिन्यांत मोडते.

नागपुरात ऋतूप्रमाणे प्रवास बदलावा लागतो, हे मनापासून सांगतो. उन्हाळी परीक्षा नेमक्या पारा ४५ च्या आसपास असताना येतात. दुपारी बारा ते चार गाडीवर जाणं टाळा. एप्रिलपासून मेट्रोच्या एसीचं मोल कळतं. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनीही परीक्षेच्या दिवशी मेट्रो आणि ऑटो करावं, पेपर लिहायला अंगात त्राण उरतं. गाडीने निघालातच तर हेल्मेटखाली सुती दुपट्टा, कान झाकलेले, एक लिटर पाणी आणि त्यात मीठ-साखर. टायरमध्ये हवा सकाळी टायर थंड असताना भरा, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. टाकी काठोकाठ भरू नका, मोबाइल होल्डरवर लावून नकाशा पाहू नका, तो तापून बंद पडतो. परीक्षा केंद्र वेगळ्या कॉलेजला लागू शकतं, तेव्हा हॉल तिकीट आलं की आदल्या दिवशी एकदा तो रस्ता पाहून या.

पावसाळ्यात तुमच्याच रस्त्यावर खोट आहे. नरेंद्र नगरच्या रेल्वे पुलाखाली जोराच्या पावसात पाणी साचतं. गढूळ पाण्यात खोली दिसत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी गेलं की गाडी तिथेच बसते. पाऊस पडत असेल तर मेडिकल चौकाकडून जा. अंबाझरीच्या बाजूचा रस्ताही अतिवृष्टीत टाळा. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नाग नदी आणि अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. अशा दिवशी घरी राहणं हाच मार्ग. प्रॅक्टिकल परत घेता येतं.

आता भाऊ. वानाडोंगरीसाठी त्याला गाडीची गरजच नाही: छत्रपती चौकाहून बर्डी, तिथे लाइन बदलून शेवटचं स्टेशन लोकमान्य नगर, पुढे हिंगणा रोडने बस किंवा शेअर ऑटो. आणि १८ पूर्ण होईपर्यंत त्याच्या हातात गाडी देऊच नका. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. बाजारातली नेहमीची ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली अल्पवयीन चालवताना सापडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. ‘जवळच तर जातो’ हे कारण तिथे चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचंही अडतं.

म्हणून माझं मत: पहिलं सत्र गाडी न घेता काढा. कोणत्या दिवशी प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, ग्रंथालयात किती थांबता, हे तोवर कळेल. रोजच प्रॅक्टिकल संध्याकाळी सहापर्यंत चालत असेल आणि शेवटचा टप्पा त्रास देत असेल तर गाडी घ्या, दोन हेल्मेटसकट. मागे बसणाऱ्यालाही ते लागतं. मधला पर्याय सायकलचा आहे: नागपूर मेट्रोत सायकल नेता येते. धरमपेठ कॉलेजला उतरून अंबाझरी टी-पॉइंटवरून कॅम्पस असा तो तुकडा सायकलने सुटतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याहून चांगलं काही नाही. परतीची बस वाडीकडून भरून येते. कॅम्पस चौकात जागा मिळाली नाही तर एका बससाठी लोंबकळू नका, पुढची येऊ द्या. आणि सोबत कोणी असेल तर रवी नगरपर्यंत ऑटो करा, तिथे चढ-उतार जास्त होत असल्याने उभं राहायला तरी जागा होते.