पाऊस लागला की झोप उडते

प्रश्न : मी चिपळूणची, वय ५४. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी आणि सासूबाई रात्र होईपर्यंत माळ्यावर अडकलो होतो. घर आता सावरलंय. पण पाऊस लागला की रात्री तीन-चारदा उठते, बॅटरी घेऊन जिन्याच्या पायऱ्या बघून येते. डोळा लागलाच तर तेच स्वप्न : पाणी चढतंय, सासूबाईंचा हात सुटतोय. नऊला आडवी होते, सहाला उठते. झोप जेमतेम साडेपाच तास. मुलगा म्हणतो गोळी घे. घेऊ का?

उत्तर : ताई, आधी त्या बॅटरीचं बोलू. तुम्ही अंथरुणावर झोपायला नाही, राखणीला जाता. पायरी कोरडी दिसली की जीव भांड्यात पडतो आणि मन पक्कं धरून बसतं, की बघून आले म्हणून बरं. झोपण्याआधी एकच फेरी ठेवा. रेड अलर्टची रात्र वेगळी, तेव्हा जागं राहणं हा शहाणपणाच.

नऊ तास अंथरुणात, त्यातले साडेतीन पागोळ्या ऐकण्यात जातात. सध्या बारालाच आडवं व्हा आणि साडेपाचला उठा, झोप लागो न लागो. दुपारची डुलकी बंद. वीसेक मिनिटं टक्क जागं असाल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. झोप सलग लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी निजा. सुरुवातीला दिवसा पेंग येईल, तेव्हा स्कूटर नको. फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

स्वप्नासाठी वही घ्या. भरदिवसा ते लिहा, मग हवं तसं बदला आणि बदललेलंच रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणा. माझ्याकडच्या एका पूरग्रस्त काकांनी पाणी ओसरवलं नाही, जिन्याला फक्त तीन पायऱ्या वाढवल्या! २००१ साली संशोधक बॅरी क्रॅकाव यांच्या गटाने लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांच्या अभ्यासात ही रीत वापरली. ती शिकलेल्यांची दुःस्वप्नं कमी झाली. हात सुटण्याच्या स्वप्नापासून सुरुवात अवघड वाटली तर आधी एखादं साधं वाईट स्वप्न घ्या.

गोळी? जुनाट निद्रानाशावर आधी असेच उपचार करा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलंय. आधीच चालू असेल तर मनाने बंद करू नका. वही उघडल्यावर छाती धडधडून आवरेना, तर एकट्याने रेटू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.