बोर्डावरची वेळ

‘‘मॅडम, पोरगं परदेशात पोहून आलं आणि आता पाण्याकडं बघायलासुद्धा तयार नाही. मागं लागायचं की सोडून द्यायचं, तेवढं सांगा.’’

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते. समोर बसलेल्या गृहस्थांचं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं छोटं शेड आहे. हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं, आणि खुर्चीला डाग पडू नये म्हणून पुढं सरकून बसलेले. खेळणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी विचारतात. कबड्डी असो, कुस्ती असो, ज्युदो असो, शब्द तेच असतात. म्हणून ही हकिगत लिहिते आहे. मुलाची परवानगी घेतली आहे. स्पर्धेचा देश आणि वर्ष सांगणार नाही आणि काही तपशील बदललेत. बेळगावात ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहणारे किती? बोटांवर मोजून संपतील.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गोवावेसच्या तलावात पोहायला शिकला, पुढं जेएनएमसी या मेडिकल कॉलेजच्या ऑलिंपिक मापाच्या तलावावर सराव. पहाटे पाचला वडिलांच्या स्कूटरवर, जानेवारीच्या धुक्यातसुद्धा. आधी राज्य स्पर्धा, मग विद्यापीठाच्या संघातून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथं १०० मीटरला पदक, आणि त्या जोरावर परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड. घरात पासपोर्ट पहिल्यांदा निघाला तो याचाच.

परत आल्यावर दोन महिन्यांत सगळं बदललं. तलाव बंद. कॉलेजच्या दोन इंटर्नल परीक्षा बुडल्या. ‘‘रात्रभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतंय, सकाळी अकराला उठतंय. काय विचारलं की म्हणतंय, कंटाळा आला.’’

इथं मी चुकले. ॲडम पीटीचं उदाहरण माझ्या डोक्यात ताजं होतं. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५७ सेकंदांच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस, लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं. त्यानं २०२३ मध्ये मन थकलं म्हणून उघडपणे विश्रांती घेतली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये रौप्य मिळवलं, सोन्यापासून फक्त २ शतांश सेकंद मागं. मुलाशी एकदा बोलले, त्यानं मान डोलावली, आणि मी निदान करून मोकळी झाले : दमलाय. दोन महिने तलावाचं नाव काढू नका, असं घरच्यांना सांगितलं.

दमलेलं मूल विश्रांतीनं हळूहळू खुलतं. हा आणखी आत गेला. सहा आठवड्यांनी वडील पुन्हा आले तेव्हा तो जेवणालाही खोलीबाहेर येईना. त्याला लपायला जागा हवी होती, आणि ती मीच शिक्का मारून दिली होती, हे मला नंतर कळलं.

मग प्रश्न बदलला. ‘पाण्यात का जात नाहीस’ हे त्याला सगळ्या घरानं विचारून झालं होतं आणि त्याचं उत्तर पाठ होतं. मी विचारलं, ‘‘त्या दिवशी उठलास किती वाजता?’’

तो सांगायला लागला. पाचला उठला. बस. नाश्त्याला उकडलेली अंडी. वॉर्म-अपच्या तलावात इतकी गर्दी की मागच्याचे हात याच्या पायांना लागत होते. शर्यतीआधी बसवतात त्या कॉल रूममधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पिवळ्या होत्या. शेजारी बसलेल्या मुलानं चष्मा तीनदा पुसला. इतकं बारीक, इतकं नीट. मग एकदम, ‘‘मग पोहलो. सेमीफायनल पाच शतांशांनी हुकली.’’

खुर्च्यांचा रंग आठवतो आणि आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीचं एक वाक्य? आणि ते वाक्यही ओळखीचं वाटलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य एका शतांशानं हुकलं होतं. आमच्या भागात पोहणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट सांगितली जाते. उसनं घेतल्यासारखं दुःख होतं ते.

अशा स्पर्धांचे निकाल इंटरनेटवर असतात. त्या रात्री मी दोन मिनिटांत शोधू शकले असते. शोधले नाहीत. समोरच्यानं अजून सांगितलेलं नाही ते मागच्या दारानं जाऊन बघायचं, आणि पुढच्या भेटीत माहीत नसल्यासारखा चेहरा करायचा, हे मला जमत नाही. काही सहकाऱ्यांना हा माझा भाबडेपणा वाटतो. वाटो.

पुढच्या भेटीत एवढंच विचारलं : ‘‘भिंतीला हात लागल्यावर बोर्डावर काय दिसलं?’’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आधी वेळ दिसली. नंतर ती गेली.’’

हात टेकवून वर बघितलं तर स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा चार दशांशांनी कमी. त्या वेळेतही सेमीफायनल होणार नव्हती, पहिले सोळाच जातात, हे त्याला माहीत होतं. पण इतकं चांगलं तो कधीच पोहला नव्हता. बाहेर आला, बॅगेतून मोबाइल काढला आणि वडिलांना लिहिलं, ‘बेस्ट टायमिंग!!’ वळून बघतो तर नाव यादीच्या तळाला आणि वेळेच्या जागी तीन अक्षरं. डीएसक्यू. अपात्र.

म्हणजे मेसेज पाठवला तेव्हा तो खरा होता. या गोष्टीतली सर्वांत वाईट जागा मला तीच वाटते.

वडिलांनी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. मोठ्या काकांनी संध्याकाळपर्यंत फ्लेक्सची ऑर्डर दिली. रात्री आईचा फोन, ‘‘मग सेमीफायनल?’’ आणि याच्या तोंडून निघून गेलं, ‘‘थोडक्यात हुकली.’’ किती थोडक्यात, हे काकांनी विचारलं. पाच शतांश तेव्हा जन्माला आले.

पुढं गणपतीत मंडळातर्फे सत्कार झाला. फेटा, शाल, श्रीफळ, कुंद्याचा बॉक्स. मग कॉलेजमध्ये. मग एका सरकारी कार्यक्रमात. ‘‘मॅडम, तेच खोटं मराठीत बोललो, इंग्लिशमध्ये बोललो, कन्नडमध्ये बोललो,’’ तो म्हणाला. ‘‘कन्नडमध्ये सोपं गेलं. व्याकरणाकडंच लक्ष होतं.’’

त्यात काकांनी स्वतःची भर घातली. पाच शतांशांनी हुकते म्हणजे काय, नक्की काहीतरी भानगड असणार, सीमाभागातला मराठी पोरगा म्हणून कुणी मागं उभं राहिलं नाही. अन्याय म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, तीन पिढ्या ते घरात ऐकत आल्या आहेत. पण जुनं खरं दुखणं नव्या खोट्याला शिवलं की पोराला तोंड उघडायला जागाच उरत नाही. ‘‘इथलं सोड, महाराष्ट्रातून खेळ,’’ असंही घरात सुरू झालं. तिकडच्या कॉलेजांत सीमाभागातल्या मुलांसाठी जागा असतात, शिक्षणासाठी त्यांचा विचार जरूर करावा. रागाच्या भरात खेळाचं राज्य बदलणाऱ्यांना मी मात्र थांबवते. पाणी दोन्हीकडं सारखंच असतं, आणि नियमसुद्धा.

नियम काय मोडला, हे त्यानं मला टेबलावर हातानं करून दाखवलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उडी मारल्यावर किंवा भिंतीला वळल्यावर पाण्याखाली दोन्ही हात एकदाच मांडीपर्यंत ओढायचे. बेडकासारखी पहिली लाथ मारण्याआधी पाय जोडून माशाच्या शेपटीसारखा फटका एकच मारायचा, त्याला डॉल्फिन किक म्हणतात. मग ती लाथ मारून वर यायचं. यानं शेपटी दोनदा मारली. दुसरी अगदी हलकी. ती खोड केव्हा लागली हे त्यालाही सांगता येईना. आपल्याकडं पंच काठावर उभे असतात आणि फेसाखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. तिथं पाण्याखाली कॅमेरा होता.

आणि मग तो थांबेचना. जपानच्या किताजिमानं २००४ ला अथेन्समध्ये १०० मीटरचं सोनं जिंकलं तेव्हा याच किकवरून गदारोळ झाला, कारण त्या वेळी एकही मारायची मुभा नव्हती. पुढच्याच वर्षी एक किक नियमात बसवली. २०१२ ला लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गनं ५८.४६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सोनं घेतलं आणि नंतर स्वतःच कबूल केलं की पाण्याखाली जास्तीच्या किक मारल्या होत्या. पदक राहिलं. त्याच्याही आधी १९५६ ला मेलबर्नमध्ये मासारू फुरुकावा बराचसा वेळ पाण्याखालूनच पोहला आणि २०० मीटर जिंकला, तेव्हा ते चालत होतं, नंतर बंद केलं.

‘‘व्हॅन डर बर्गनं कबूल केलं तरी त्याच्याकडं सोनं आहे. माझी एक किक, तर माझी वेळसुद्धा पुसली.’’

रात्र रात्र मोबाइलमध्ये तो हे वाचत होता. घरच्यांना वाटत होतं रील बघतोय.

पाण्यात न जाण्याचं कारणही साधं निघालं. तलावावरची बारा-तेरा वर्षांची पोरं निकाल शोधण्यात हुशार असतात. त्यातलं एखादं, सगळ्यांसमोर, ‘‘दादा, डीएसक्यू म्हणजे काय रे?’’ असं विचारेल, ही भीती. पाण्याची नाही, शर्यतीचीही नाही.

आता सांगायचं कुणाला? त्याचा पहिला विचार म्हणजे थेट मंडळाच्या स्टेजवर जाऊन माफी मागायची. मी सरळ नको म्हटलं. गावाला जाहीर कबुली देणं त्याच्यावर कुठल्याही अर्थानं बंधनकारक नव्हतं, आणि तसली माफी हाही एक सत्कारच होऊन बसतो. आम्ही कागदावर नावं काढली. चार निघाली : कोच, बाबा, आई, काका. काकांचं नाव त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

कोचना तो एकटाच भेटला. त्यांनी निकाल पहिल्याच दिवशी बघितला होता, याच्या तोंडून येण्याची वाट पाहत होते. मला विचाराल तर इतकी वाट बघायला नको होती. पण एक गोष्ट ते म्हणाले ती चांगली होती : ‘‘ती दुसरी किक इतकी वर्षं मला दिसली नाही, तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर टाक.’’

वडिलांना सांगताना मी हजर असावं, अशी त्याची इच्छा होती. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं : वेळ खोटी नव्हती, मी अपात्र ठरलो, सेमीफायनलचं खोटं बोललो. वडील खुर्चीतून उठले. चेहरा पांढरा. ‘‘कसलं औषध घेतलंस रे?’’

पेपरात खेळाडू अपात्र म्हटलं की त्यांनी आजवर उत्तेजक औषधांच्याच बातम्या वाचल्या होत्या. मुलगा आधी गोंधळला आणि मग हसला, मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं. मग टेबलावर पुन्हा ते हात, ती शेपटी, दुसरी हलकी शेपटी. वडिलांनी दोनदा करून दाखवायला लावलं. तीस वर्षं ज्यांनी मायक्रॉनमध्ये काम केलं त्यांना नियमाची बारकाई समजवावी लागली नाही.

‘‘म्हणजे रिजेक्ट,’’ ते म्हणाले. ‘‘नो-गो गेज आत गेलं, म्हणजे माप चुकलं. जॉब किती झटपट केला याला मग किंमत नाही. क्वालिटीवाला बाजूलाच काढणार.’’ थोडं थांबून विचारलं, ‘‘रिवर्क होतंय काय?’’

‘‘होतंय,’’ मुलगा म्हणाला.

खोटं बोलल्याबद्दल ते घरी गेल्यावर बोलले, आणि चांगलंच बोलले म्हणे. बोलायलाच हवं होतं. मुलाला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता वडिलांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. मागं लागायचं की सोडून द्यायचं? दोन्हीत आपण काय करायचं हेच ठरवतो, मुलाचं काय झालं ते तसंच राहतं. खेळ अचानक तुटला असेल तर ‘का’ बाजूला ठेवा आणि तुटण्याआधीचा दिवस सकाळपासून सांगायला लावा, जेवायला काय होतं इथपर्यंत. बोलणं जिथं एकदम आखूड होतं तिथं थांबा, ओढू नका. आणि कृपा करून निकालाचा कागद हातात येईपर्यंत फ्लेक्स छापू नका. झोप पार उलटली, अन्न सुटलं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असलं काही कानावर आलं, तर मात्र माझ्यासारखीकडंही थांबू नका, डॉक्टरला दाखवा. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय, आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. या मुलालाही मी एकदा डॉक्टरांकडं पाठवलं होतं. औषधांची गरज लागली नाही, पण ते ठरवणं माझं काम नव्हे.

फ्लेक्स काढायचा राहिला होता. जाऊन बघितलं तर परतीच्या पावसानं तो आधीच फाडलेला, नुसता बांबूचा सांगाडा उभा. काकांना अजून सांगायचं आहे. तो म्हणतो परीक्षा झाल्यावर.

तलावावर जायला लागून दोन महिने झालेत. जलरोधक पाऊचमध्ये मोबाइल घालून एक लहान पोरगं पाण्याखाली धरतं आणि प्रत्येक वळणाचा व्हिडिओ काढतं. दुसरी किक गेली आहे. वेळ मात्र आठ दशांशांनी वाढली आहे, आणि ती खाली कशी आणायची यावर कोचचं आणि त्याचं रोज भांडण चालू आहे.