वाचकांचे प्रश्न : सालबर्डीच्या डोंगरात पायी जाताना

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आठवीच्या पंचवीस मुलांना सालबर्डीच्या पुढे, धारूळच्या बाजूला, चित्रे असलेल्या खडकांपर्यंत पायी न्यावे असा विचार आहे. ते जंगल संरक्षित आहे असे सगळेच सांगतात; पण परवानगी नेमकी कोणाची घ्यायची आणि तिथे गेल्यावर मुलांना काय दाखवायचे, हे कोणी सांगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सर, आधी परवानगीचे सांगतो. ‘संरक्षित’ हा शब्द आपण बोलताना सरसकट वापरतो, पण कायद्यात त्याचा अर्थ ठरलेला आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये राखीव वन आणि संरक्षित वन असे दोन वेगळे प्रकार आहेत. ढोबळमानाने सांगायचे तर राखीव वनात ज्याला परवानगी दिलेली नाही ते सगळे मना असते, आणि संरक्षित वनात जे मना केलेले नाही तेवढे चालते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो आणि तिथे परवान्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात तर पर्यटकाला पायी हिंडण्याची सहसा मुभा नसते. मेळघाट किंवा ताडोबा पाहून आलेल्या मुलांना हा फरक लगेच कळेल. आपल्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की सालबर्डी दोन राज्यांच्या हद्दीवर वसलेले आहे आणि चित्रांचे खडक पलीकडे, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात येतात. म्हणून आपल्या भागाच्या रेंज ऑफिसमध्ये, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयात, आणि पलीकडच्या रेंज ऑफिसमध्ये, असे दोन्हीकडे लेखी अर्ज द्यावेत. अर्जात मुलांची यादी, जाण्याचा दिवस, परतीची वेळ आणि वाट स्पष्ट लिहावी, आणि शिक्का मारलेली पोच आपल्याजवळ ठेवावी. वाटेत नाकेदार, म्हणजे वनरक्षक, भेटला तर तो पहिल्यांदा तोच कागद मागेल. गावातला जाणता माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्या. दिवाळीनंतरपासून संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस मात्र टाळावेत, कारण त्या गर्दीत मुलांना ना खडक दिसेल, ना पाणी.

आता काय दाखवायचे ते. आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना दगड म्हणजे काळा दगड एवढेच ठाऊक असते, कारण विहीर खणताना तोच लागतो आणि घराच्या पायातही तोच घातलेला असतो. सालबर्डीच्या डोंगरात मात्र खडकाचा रंग बदलतो. तो पिवळसर, तांबूस, कुठे गेरूसारखा लाल होतो. मुलांना तिथे थांबवून सुट्या पडलेल्या एखाद्या तुकड्यावर बोट घासायला सांगा. बोटाला बारीक कण लागतात, आणि साधे भिंग धरले की ते वाळूचे गोल झालेले दाणे आहेत हे स्वच्छ दिसते. हा वाळूचा खडक, म्हणजे वालुकाश्म. एखाद्या उभ्या कड्याकडे नीट पाहिले तर आडव्या थरांच्या आत तिरप्या रेघा दिसतील. वाहत्या पाण्याने वाळू ढकलत नेली की असे तिरपे थर साचतात, आणि ते ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला ती प्राचीन नदी वाहत होती असे समजावे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नदीची दिशा आठवीतला मुलगा हाताने दाखवू शकतो. माझ्या मते सहलीत एवढी एक गोष्ट साधली तरी पुष्कळ झाले.

या जातीच्या खडकांना गोंडवन गटाचे खडक म्हणतात. हे नाव गोंडांच्या मुलखावरून पडले आणि पुढे एका संपूर्ण प्राचीन महाखंडाला तेच मिळाले, हे मुलांना आवर्जून सांगावे. याच गटाचा वालुकाश्म नागपूरजवळ कामठीलाही आहे. तिथल्या थरांतून स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे गोळा केले होते; नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. सालबर्डीच्या परिसरात वालुकाश्माखेरीज लमेटा नावाचे थरही आहेत आणि त्यांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडलेले आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट आले आणि हे सगळे त्याखाली गाडले गेले. आपल्या शेतातली काळी माती त्याच लाव्हाच्या दगडाची झीज होऊन तयार झाली आहे.

वालुकाश्माचा मऊ थर लवकर झिजतो आणि वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. चित्रांचे निवारे असेच तयार झाले आहेत. अमरावती भागातील निसर्गअभ्यासकांच्या गटाला 2007 साली ते आढळले आणि तेव्हापासून त्यांचा अभ्यास चालू आहे. चित्रे बहुतांशी लाल रंगाची, प्राण्यांची आणि माणसांची आहेत. एक विनंती मी हात जोडून करतो. चित्र फिके दिसते म्हणून त्यावर बाटलीतले पाणी शिंपडू देऊ नका. असे करताना मी एका सुशिक्षित गृहस्थांना पाहिले आहे. फोटोत रंग क्षणभर उजळला, त्यांना आनंद झाला. पण वालुकाश्म सच्छिद्र असतो, तो पाणी पितो, आणि ते पाणी सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. त्या पांढऱ्या पापुद्र्याबरोबर रंगही सुटतो. हात लावणे, खडूने कडा गिरवणे, शेजारी नाव कोरणे यांबद्दल तर मुलांना शाळेतच बजावून न्यावे. ओल्या वालुकाश्मावर चढूही देऊ नये, कारण दाण्यांना धरून ठेवणारा बंध ओलीने सैल होतो आणि पक्की वाटलेली कड पायाखाली निसटते.

प्रश्न : आम्ही वरूड तालुक्यातल्या. लहानपणी वडिलांबरोबर डोंगरात जायचो, तेव्हा नदीच्या काठाला खडकातून झरे वाहत आणि ते पाणी आम्ही ओंजळीने प्यायचो. आता त्यातले काही झरे पौषातच आटतात. असे का होते? आणि ते पाणी अजूनही पिण्याजोगे असते का?

उत्तर : ताई, खडकातला झरा म्हणजे पावसाचेच साठवलेले पाणी असते. वालुकाश्माच्या दाण्यांमधून आणि भेगांमधून पाणी हळूहळू खाली उतरते. खाली चिकणमातीचा घट्ट थर लागला की त्याला पुढे वाट उरत नाही. मग ते त्या थरावरून आडवे सरकते आणि नदीने जिथे काठ कापलेला असतो तिथे बाहेर पडते. झऱ्याच्या ओलीवर हात ठेवून पाहिले तर बहुधा वर खरखरीत वाळूचा दगड आणि खाली गुळगुळीत मातकट पट्टा लागेल. पाणी त्या दोन्हींच्या सांध्यातून येते.

म्हणजे झऱ्याचे आयुष्य त्याच्या वरच्या उतारावर ठरते. तिथली झाडी गेली, पालापाचोळा दरवर्षी वणव्यात जळला आणि जमीन उघडी पडून टणक झाली की पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो, आणि पूर्वी वैशाखापर्यंत पुरणारा साठा पौषातच संपतो. खालच्या सपाटीवर दुसरे कारण आहे. वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी कितीतरी वर्षे ओळखला जातो. बागा जगवण्यासाठी बोअर शेकडो फूट खोल गेल्या, तशी पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाखाली उतरली. यात शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही, कारण वाळणारी बाग डोळ्यांदेखत सोडून देणे कोणालाच जमत नाही. पण वरच्या उतारावर पाणी मुरवण्याचे काम झाले नाही, तर बोअर कितीही खोल नेली तरी ती भरायची कशाने?

सालबर्डीला गरम पाण्याचाही झरा आहे. ते पाणी खूप खोलवर जाऊन, तिथल्या उष्णतेने तापून, मोठ्या भेगांवाटे वर येते.

पिण्याबाबत सांगायचे तर ओंजळीने पिण्याचा मोह आवरावा. त्याच झऱ्यावर रानडुक्कर लोळते आणि गुरेही उतरतात. घरून माणशी 3 लिटर पाणी न्यावे, आणि झऱ्याचे घ्यावेच लागले तर उकळूनच प्यावे. झऱ्यात साबण लावून हातपाय धुऊ नयेत, आणि पाणी अडवायला दगडही रचू नयेत. अभयारण्यात परवान्याशिवाय पाण्याचा प्रवाह वळवणे किंवा अडवणे हा 1972 च्या कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हाच आहे. शिवाय उन्हाळ्यात तो ओंजळभर ओलावाच कित्येक जनावरांना जगवतो. म्हणून सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर झऱ्यापाशी बसून राहू नये. ती वेळ त्यांची असते.

प्रश्न : अशा जंगलात वाघाची भीती किती बाळगावी?

उत्तर : वाघापेक्षा अस्वलाची जास्त बाळगावी. खडकातल्या कपारी ही त्याची विसाव्याची जागा असते, आणि मोहफुले गळतात त्या फाल्गुन-चैत्रात ते पहाटे झाडाखाली असते. म्हणून कपारीत डोकावू नये आणि वळणावरून जाताना नेहमीच्या आवाजात बोलत जावे, म्हणजे ते दचकून अंगावर येत नाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही टाळून दुरून वळसा घ्यावा.

दिसत नाही तो धोका गवतात असतो. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे पुष्कळ रुग्ण आढळले होते. अतिशय बारीक किडीच्या चाव्यातून हा ताप येतो. त्यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यात खोचावी, गवतावर थेट बसू नये आणि घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. चावल्यानंतर साधारण 6 ते 21 दिवसांत ताप येऊ शकतो. काख, जांघ किंवा कमरेपाशी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवावी आणि जंगलात कोणत्या तारखेला गेला होता तेही सांगावे. या तापावर साधे, स्वस्त औषध आहे, फक्त ते वेळेवर सुरू व्हावे लागते.