ग्रहण कसं होतं, आणि 98 टक्के म्हणजे 100 च्या जवळ का नाही

प्रश्न असा आहे की सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण नेमकं कसं होतं, दर अमावस्या-पौर्णिमेला का होत नाही, आणि लोक त्याचं एवढं कौतुक का करतात, 90 टक्के सूर्य झाकला काय नि 100 टक्के झाकला काय, असा कितीसा फरक पडतो. पहिल्या दोन भागांचं भराभर सांगते, कारण मला खरं बोलायचंय ते शेवटच्या वाक्यावर. ते वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

कोण कोणाच्या मध्ये येतं हे माहीतच असेल, सूर्यग्रहणात चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये, चंद्रग्रहणात पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मध्ये. दर महिन्याला ग्रहण होत नाही कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी साधारण 5 अंशांनी कललेली आहे. 5 अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण आकाशात सूर्य आणि चंद्र दोघंही जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसतात, त्यामुळे बहुतेक अमावस्यांना चंद्र सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो आणि त्याची सावली पृथ्वीला लागतच नाही. दोन रिंगा तिरक्या करून एकमेकींत बसवल्या की दोनच जागी छेदतात, तसं इथे पण दोनच बिंदू आहेत, राहू आणि केतू म्हणतात ते हेच पातबिंदू. अमावस्या किंवा पौर्णिमा त्यांच्या आसपास पडली तरच ग्रहण, आणि तसे दिवस साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात. चंद्र आपल्यापासून 3,63,000 किमीच्या आसपास, म्हणजे जवळ असेल तर सूर्य पूर्ण झाकला जातो, ते खग्रास, 4,05,000 पर्यंत लांब गेलेला असेल तर कड उरते आणि कंकणाकृती दिसतं. बस, यंत्रणा एवढीच.

आता आमचा दादा. माझा सख्खा मोठा भाऊ, इंजिनिअर, हिशोबात कुणाला ऐकत नाही. काही वर्षांपूर्वी खग्रासचा पट्टा आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावरून जाणार होता आणि आमच्या घरून 98 टक्के दिसणार होतं. मी, नवरा आणि मुलगी निघालो. दादाला म्हटलं चल, गाडीत जागा आहे. तो म्हणाला, "अगं दोन टक्क्यांसाठी एवढी रात्र जागवायची? मी गच्चीवरून बघतो." आणि त्याने बघितलं सुद्धा, नीट फिल्टरचा चष्मा लावून, वेळा लिहून ठेवून. मी परत आल्यावर म्हणाला, मस्त होतं, थोडं अंधारलं, चंद्रकोरीसारखा सूर्य दिसला, तुला दोन टक्के जास्त दिसलं असेल. तेव्हापासून विषय निघाला की हेच, तुझे ते दोन टक्के.

मला काय दिसलं ते सांगते. सुरुवातीचा तासभर दादासारखंच, चष्म्यातून बघायचं, सूर्याचा घास हळूहळू मोठा होतोय. झाडाखाली पानांच्या फटीतून पडणारे उन्हाचे गोल कवडसे सगळे कोरी झाले होते, शेकड्याने, मुलीने पांढरा रुमाल धरून त्यावर झेलले. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत उजेड विचित्र झाला, संध्याकाळसारखा पिवळा नाही, रंग काढून घेतल्यासारखा, आणि सावल्या धारदार. मी हात पुढे केला तर मातीवर हाताच्या सावलीत मनगटावरचे केस सुटे सुटे दिसत होते. (सूर्याची जागा बारीक रेघेने घेतली की सावलीची एक कड स्पष्ट होते, म्हणून.) गार वारा सुटला. मग पश्चिमेचं क्षितिज काळवंडलं आणि ते काळं आमच्याकडे आलं, चंद्राची सावली ताशी हजारो किलोमीटरने धावत असते हे वाचलेलं होतं, पण ती अंगावर येताना बघणं वेगळं. शेवटचा उजेड चंद्राच्या डोंगरदऱ्यांतून मण्यांसारखा तुटला, एकच ठिपका राहिला, हिऱ्याची अंगठी म्हणतात ती, आणि तोही विझला.

आणि मग वर जे होतं ते सूर्यासारखं काही नव्हतंच. काळी चकती, तिच्याभोवती पांढरे तंतू लांबवर पसरलेले, कडेला एका ठिकाणी गुलाबी ठिणगी, बाजूला शुक्र ठसठशीत. चष्मा काढून, उघड्या डोळ्यांनी. क्षितिजावर चारही बाजूंना सूर्यास्ताचा रंग. मुलगी मला घट्ट धरून उभी होती आणि मी रडत होते, नवरापण. संपलं तेव्हा आजूबाजूचे अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

यातली एकही गोष्ट दादाच्या 98 टक्क्यांत नव्हती. थोडी कमी नव्हती, नव्हतीच. दादाला हिशोब आवडतो तर हिशोबच देते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा साधारण 4 लाख पट मंद. 2 टक्के सूर्य उरला म्हणजे सूर्याचा पन्नासावा भाग, म्हणजे अजूनही 8,000 पौर्णिमांचा उजेड. आणि ते पांढरे तंतू, म्हणजे सूर्याचा प्रभामंडल, करोना, तो सगळा मिळून जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राइतका. आठ हजारांपुढे एक कसा दिसणार? 99 टक्क्यांना पण चार हजारांपुढे एक. शेवटचा टक्का संपेपर्यंत दिवसच असतो, फक्त मलूल दिवस, कारण उजेड पन्नासाव्या भागावर आला तरी डोळे जुळवून घेतात. त्यामुळे टक्का हे मापच इथे फसवं आहे. त्यात बातम्यांमधला टक्का कधी व्यासाचा असतो कधी क्षेत्रफळाचा, ते कुणी सांगत नाही.

महत्त्वाचं म्हणाल तर तेही बरंचसं या शेवटच्या टक्क्यातच आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रासला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा) बघितला, त्याच वर्षी इंग्लंडचे लॉकियर यांनी तिथली पिवळी रेषा बघितली आणि पुढे ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही हे ताडलं, तो हेलियम, पृथ्वीवर तो रॅमसे यांना 1895 मध्ये सापडला. 29 मे 1919 ला ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना वाकतो का हे बघायला इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले आणि दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला, कारण सूर्याच्या शेजारचे तारे खग्रास असतानाच दिसतात. किती वाकेल याचं आइन्स्टाइनचं भाकीत होतं 1.75 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). 98 टक्क्यांच्या गच्चीवरून हे होणार नव्हतं.

दादाचं नवीन म्हणणं असं की आता प्रोबा-3 आहे. बरोबर आहे, युरोपच्या दोन यानांची ही जोडी इस्रोच्या पीएसएलव्हीने 5 डिसेंबर 2024 ला वर गेली, एक यान दुसऱ्यापासून 150 मीटरवर राहून त्याच्यासाठी सूर्य झाकतं आणि तासन् तास कृत्रिम खग्रास मिळतं. पण बघा ना, तिथेही शास्त्रज्ञांनी 98 टक्के झाकून भागवलं नाही, सूर्य पूर्णच झाकावा लागला, थेट प्रकाशाची रेघसुद्धा आत येऊ न देता. हे माझ्याच बाजूने आहे.

आता काही गोष्टी दादाच्या बाजूनेही. माझा 8,000 चा आकडा ढोबळ आहे, सूर्याची कड मध्यापेक्षा मंद असते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी भरेल. खंडग्रास, म्हणजे अर्धवट झाकलेलं, बिनकामाचं नाही, प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसने एकाच ग्रहणात एका ठिकाणी सूर्य पूर्ण आणि अलेक्झांड्रियात चार पंचमांश झाकलेला, या फरकावरून चंद्राचं अंतर काढलं होतं. शिवाय ढग आले तर सगळा प्रवास फुकट, हे मान्य. चंद्रग्रहणाला मी अन्याय केलाय, तिथे प्रवास लागत नाही, चंद्र क्षितिजाच्या वर असलेल्या अर्ध्या जगाला ते दिसतं, चष्मा लागत नाही, आणि पृथ्वीच्या हवेतून वळून गेलेल्या उजेडाने चंद्र तांबडा होतो तो घरबसल्या बघावा. सूर्याचं मात्र खग्रासची ती मिनिटं सोडली तर एक क्षणही उघड्या डोळ्यांनी नाही, 99 टक्के झाकलेला असला तरी नाही, डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत आणि भाजलेलं नंतर समजतं.

जाणार असाल तर 2 ऑगस्ट 2027 धरा. पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान असा आहे आणि इजिप्तमधल्या लक्सॉरजवळ खग्रास 6 मिनिटांच्या वर टिकेल, एवढं लांब ग्रहण पुन्हा लवकर मिळत नाही. दादालाही मी हेच सांगितलंय. फक्त पट्ट्याच्या काठावर मुक्काम करू नका, तिथे खग्रास काही सेकंदांत आटोपतं, मध्यरेषेकडे जितकं सरकता येईल तितकं सरका.