डोळ्यांत अँटिबायोटिक थेंब कधी घालावेत?

मुलाचे डोळे आलेत. घरात मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक थेंबांची जुनी बाटली आहे. तीच घालू का?

नको. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. आणि साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूंमुळेच येतात. २०२३च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे पसरलेली साथही विषाणूचीच होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आधी एक आणि दोन दिवसांनी दुसरा डोळा लाल झालाय, तर गार पाण्याच्या घड्या ठेवा, टॉवेल आणि उशी वेगळी करा. आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं. दिवसभर घट्ट पिवळी चिपडं येत असतील तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. मग डॉक्टर थेंब लिहून देतील. फोडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्यायची असते. तान्ह्या बाळाचे डोळे चिकटले तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

दर उन्हाळ्यात मुलीचे डोळे खाजतात. मेडिकलमधल्या थेंबांनी लगेच आराम पडतो. चालू ठेवू का?

बाटलीवरची नावं वाचा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसलं, तर आराम त्या स्टिरॉइडचा आहे, सोबतच्या अँटिबायोटिकचा नाही. खाज ही अ‍ॅलर्जी. तिथे मारायला जिवाणूच नसतात. देखरेखीविना महिनोन्‌महिने स्टिरॉइड घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लहान वयातच येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून इतकं ठासून सांगतो. ओलोपॅटाडिनसारखे अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि डोळे चोळू देऊ नका.

ऊस तोडताना पात डोळ्याला लागली. चार दिवस अँटिबायोटिक घालूनही दुखतंय.

आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा. पात, काडी, भुसा लागला की बुबुळावर बुरशी रुजू शकते. बुरशीला नॅटामायसिनसारखं वेगळं औषध लागतं, तेही सुरुवातीला दर तासाला आणि पुढे कित्येक आठवडे. जखमेचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर नेमकं कळतं. तोवर स्टिरॉइडचा थेंबही नको; त्याने लाली ओसरते, आत बुरशी मात्र फोफावते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनाही हेच लागू; लेन्स आधी काढा.

रांजणवाडीला गोळ्या लागतात का?

सहसा नाही. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून दहा मिनिटं शेका, दिवसातून चार वेळा. फोडू नका. सूज गालापर्यंत पसरली किंवा ताप आला तरच गोळ्यांचा प्रश्न येतो.