सिम्युलेटरवर सगळं जमतं, लॅबमध्ये का अडतं?

निपाणीहून डिप्लोमाचा एक विद्यार्थी: ऑनलाइन सिम्युलेटरवर कमांड लाइनचे (हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायचे) सगळे धडे पुरे केले. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र पहिल्याच दिवशी 'परमिशन डिनाइड' आलं. शिकलेलं वाया गेलं का?

वाया कसलं, बोटांना वळण लागलं. पण तुमचा सिम्युलेटर कुठल्या जातीचा होता ते बघा. काहींच्या आत कॉम्प्युटर नसतोच. धड्यात ठरलेलीच कमांड त्यांना कळते. तिथं धड्याबाहेरची 'डीएफ -एच' (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) मारून बघा, लगेच उघडे पडतात. दुसऱ्या जातीत ब्राउझरच्या आत खरंखुरं लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) चालतं. प्रोग्रामर फॅब्रिस बेलार्ड यांनी 2011 मध्येच जेएसलिनक्समधून ते करून दाखवलं. पण तिथं तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, असता, म्हणून कुणी अडवत नाही. लॅबमध्ये तुम्ही साधे युजर. 'एलएस -एल' (फाइलींची सविस्तर यादी) मारा. फाइलचा मालक कोण आणि लिहायची मुभा कुणाला, ते त्याच ओळीत दिसेल.

आणि खऱ्या मशीनवर चूक झाली की ती झालीच. मला जुन्या लॉग फाइल काढायच्या होत्या. 'आरएम *.लॉग' (आरएम म्हणजे पुसणं, तारा म्हणजे कुठलंही नाव) लिहिताना ताऱ्यानंतर एक स्पेस पडली. फोल्डरमधल्या सगळ्या फाइल गेल्या, आणि स्क्रीनवर तक्रार काय, तर '.लॉग' नावाची फाइल सापडत नाही! सिम्युलेटरचं पान रिफ्रेश केलं की सगळं परत येतं. माझं आठवड्याचं काम आलं नाही. आरएमला रिसायकल बिन नसतो. तेव्हापासून आधी तीच ओळ 'एलएस' लावून बघतो, मगच 'आरएम'.

खानापूरची एक विद्यार्थिनी: घरी एकच लॅपटॉप, 4 जीबी रॅमचा. त्यात बाबांच्या दुकानाची उधारी आहे. लिनक्स टाकलं तर ती जाईल का?

टाकूच नका. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चढवा (पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असतील तर आधी काढा) आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल, त्याला हात लावायचा नाही. फाइल मॅनेजरमध्ये आतली डिस्क दिसली तरी उघडायची नाही. सराव खऱ्या मशीनवर होईल. बंद केलं की केलेलं सगळं जाईल, आणि तुम्हाला तेच हवंय. उधारीची एक प्रत मात्र दुसरीकडे ठेवा. ती लिनक्स नसतं तरी ठेवायलाच हवी होती.

जांबोटीहून: माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, आणि पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही.

मग ब्राउझरचा नाद सोडा. अँड्रॉइडवर टर्मक्स (मोबाइलवर कमांड लाइन देणारं ॲप) घ्या, एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारावरून. एकदा बसलं की बिननेट चालतं. नेट असेल तेव्हा त्यात ओपनएसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायचं साधन) घालून ओव्हरदवायर या साइटचा 'बँडिट' हा खेळ खेळा. पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) 2220 वरून दूरच्या खऱ्या सर्व्हरवर शिरायचं, लपवलेला पासवर्ड शोधायचा, त्यानं पुढची पायरी उघडायची. ऑनलाइन सरावात मला हाच सगळ्यात आवडतो.

शहापूरहून एक दुकानदार: फोल्डरची नावं मराठीत, कन्नडमध्ये चालतात का?

चालतात. पुष्कळ टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडलेली दिसतात, पण नाव आत शाबूत असतं. खरा ताप कीबोर्डचा: कमांड इंग्रजीत, नाव मराठीत, दर ओळीला अदलाबदल. मी नावाआधी इंग्रजी आकडा देतो, '1-वसुली', '2-बिलं' असं. मग 'सीडी' (फोल्डरमध्ये जायची कमांड), 1, आणि टॅब; उरलेलं नाव आपोआप पुरं होतं.